शिरगणतीच्या रात्री गाव कुठे असते?

दिवाळी अंक पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या हाती पडतो तेव्हा त्यांच्या घरी फराळाचे डबे अजून भरलेले असतात. आमच्या कळंब तालुक्यात त्याच सुमारास गावे रिकामी होऊ लागतात. लक्ष्मीपूजनाच्या पणत्या विझतात न विझतात तोच वेशीवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, लहान शेगडी, कोपी घालायला ताडपत्री आणि बांबू, एखादी शेळी, टोपलीखाली झाकलेल्या चार कोंबड्या, आणि या सगळ्या संसारावर बसलेली पोरे. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी थेट कर्नाटकात. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की ही माणसे तिकडे, आणि ‘पट्टा पडला’, म्हणजे गाळप संपले, की परत गावाकडे.

ऊसतोडणी कामगारांच्या हालांवर पुष्कळांनी लिहिले आहे, आणि माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिले आहे. मला विचारायचा आहे तो एक साधा, हिशेबी प्रश्न. अशा गावाची लोकसंख्या किती धरायची? त्याला जोडूनच दुसरा: या गावांचे उत्पन्न वाढले असे आपण म्हणतो, ते वाढले म्हणजे नेमके काय झाले? मी मराठीचा प्राध्यापक, आकडे हा काही माझा प्रांत नव्हे. पण कळंबला शिकवणाऱ्या माणसाला हजेरीपट हाती धरावा लागतो, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या हजेरीपटात जी गळती दिसते ती पाहून व्याकरणाच्या माणसालाही हिशेबाची गोडी लागते.

आमच्याकडच्या कोणत्याही खेड्यात जाऊन ‘गाव केवढे?’ असे विचारून पाहा. ग्रामसेवक एक आकडा सांगतो, रेशन दुकानदार दुसरा, मतदारयादी तिसरा. जुन्या माणसाला विचारले तर तो माणसे सांगतच नाही, उंबरे सांगतो. मौज अशी की शिरगणतीला आपल्याकडे जो जुना शब्द आहे, ‘खानेसुमारी’, त्याचा अर्थही घरांची मोजदाद असाच. ‘खाना’ म्हणजे घर. माणसे हलतात, घर जागेवर राहते, हे तो शब्द घडवणारांना कळत होते असे म्हणायला हरकत नाही.

माझ्या वर्गातील मुले याहून पुढे गेली आहेत. एकाला त्याच्या गल्लीची माहिती लिहायला सांगितली, तर त्याने घरांचे तीन प्रकार पाडले: ‘चालू घर’, ‘बंद घर’ आणि ‘येणारं घर’. चालू म्हणजे बारा महिने चूल पेटणारे. बंद म्हणजे पुण्याला कायमचे गेलेले, ज्याच्या अंगणात आता एरंड माजला आहे. येणारे म्हणजे कुलूप असले तरी उन्हाळ्यात उघडणारे. सरकारी तक्त्यात हा तिसरा रकाना नाही.

कळंब हे मांजरा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. नदी ओलांडली की बीड जिल्हा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९८२ साली जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि २०२३ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. गाव जागेवरच, वरची पाटी तेवढी बदलत गेली.

निजामी अमलात इथले उत्पन्न म्हणजे मुख्यतः ज्वारी. रब्बीची ज्वारी, बांधाला करडई आणि जवस, खरिपात तूर, मूग, उडीद. खिशात हाली शिक्क्याचे चार पैसे असले तर असले. मजुरी धान्यात, बलुते धान्यात, आणि सावकाराची फेडही धान्यात. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तो इंग्रजी अमलातील दख्खनच्या खेड्यांविषयी, पण त्यातली माणसे आमच्या माणसांची चुलतभावंडेच. सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होई. अमुक पायली ज्वारी, घोंगडी, पायताण, असा ठराव होऊन तो पुढल्या पाडव्यापर्यंत बांधला जाई. आज मजुराचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही. ते मुकादमाची उचल हाती पडते त्या दिवशी सुरू होते.

हा पालट एका रात्रीत झाला नाही, पण त्याची खूण सांगायची तर १९७२ चा दुष्काळ सांगावा लागेल. ज्यांनी तो भोगला त्या माणसांशी बोलताना दोन शब्द हमखास येतात: ‘सुकडी’ आणि ‘मिलो’. एक दुष्काळी कामांवर मिळणारे पौष्टिक पीठ, दुसरी अमेरिकेची लाल ज्वारी. खडी फोडायला बड्या घरच्या सुनाही रांगेत बसल्या, ही आठवण आमच्याकडे अजून दबल्या आवाजात सांगतात. त्या दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना सर्वदूर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण त्याच दुष्काळाने मजुरीचा मोबदला नोटांत मोजायची सवय लावली, आणि घरापासून दूर जाऊन काम करता येते हेही शिकवले. पश्चिम महाराष्ट्रात तोवर सहकारी साखर कारखाने उभे राहिले होते. त्यांना तोडणीला माणसे हवी होती, आणि आमच्या माणसांना जगायला सहा महिने हवे होते.

मधल्या काळात जमीन पातळ होत गेली. महाराष्ट्रात एका खातेदाराच्या वाट्याची सरासरी जमीन १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर झाली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. सव्वातीन एकरांत आज बहुधा सोयाबीन असते. ज्वारी मागे पडली, ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेला. एकरी सात क्विंटल पिकले असे धरा, आणि २०२५-२६ चा ५,३२८ रुपयांचा हमीभाव पुरता हाती आला असेही धरा. तरी वर्षाची बेरीज सव्वा लाखाच्या आत राहते, आणि तिच्यातून बी, खत, फवारणी, मळणी वजा व्हायची असते. शिवाय हमीभाव हाती येतोच असे नाही. २०२१ साली सोयाबीन दहा हजारांवर गेलेले लोकांनी पाहिले आणि त्या भरवशावर पेरा वाढवला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना बाजारात तेवढेही मिळेना. २०२५ च्या सप्टेंबरात तर पुराने जिल्ह्यात उभे पीक आणि त्याखालची माती दोन्ही खरवडून नेली.

आता उचलीचा हिशेब. नवरा-बायकोच्या जोडीला तोडणीच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात. व्याकरणाच्या माणसाने या शब्दापाशी थोडे थांबावे असा तो शब्द आहे: माणसे दोन, वचन एक, आणि तेही हत्याराचे. नवराबायको वेगळी मोजलीच जात नाहीत. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पण उचलीवर अंगठा वा सही तिच्या नवऱ्याची. जोडीतले एक आजारी पडले तर खाडा दोघांचा धरला जातो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. वाढ थोडी नव्हे. एक जोडी चांगल्या दिवशी दोन टन तोडते. म्हणजे दोन माणसांचे दिवसाचे सातशे तीस रुपये. एक लाखाची उचल घेतली असेल तर ती फिटायला पावणेतीनशे टन ऊस तोडावा लागतो, आणि एकही खाडा न होता त्याला साडेचार महिने लागतात. गाळप इतके दिवस चालतच नाही अशी वर्षे अलीकडे येऊ लागली आहेत. मग बाकी राहते, ती पुढल्या हंगामाच्या डोक्यावर जाते, आणि पुढल्या दिवाळीला जाणे हा प्रश्नच उरत नाही. वाढे विकून, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंड्या चाऱ्याला विकून, जे रोज सुटते त्यावर फडावरचे मीठ-मिरची भागते.

एका मुकादमाशी मी याबद्दल बोललो. माणूस गप्पिष्ट, त्याचाही जन्म फडावरच गेलेला. मी म्हणालो, “लाखाची उचल म्हणजे घरात लाख रुपये आले असं लोकांना वाटतं.” तो हसला. “सर, येतेत की. येतेत न् लगीच जातेत. पोरीचं लगीन, म्हाताऱ्याचं आपरेशन, न्हाई तर घराचा सलॅब. आम्ही आधी खातो न् मागून कमावतो. तुमचं उलटं हाय.” यावर मला उत्तर सुचले नाही, आणि माझ्या घराचे हप्ते आठवले हेही सांगून टाकतो.

गावात गेलेल्या परक्या माणसाला काय दिसते? सिमेंटची घरे दिसतात, दारात मोटारसायकल दिसते, पोराच्या हातात मोबाईल दिसतो. तो म्हणतो, खेडी सुधारली. खोटे नाही. ज्या घरात पूर्वी श्रावणात ज्वारीचा कणगा रिकामा होई तिथे आज उपाशी कोणी निजत नाही. पण हा पैसा गावात पिकलेला नाही. तो पंचगंगेच्या काठी कमावलेला आहे, किंवा पुढल्या वर्षी कमावायचा आहे.

आणखी एक गंमत पाहा. ऊस आमच्याकडे पिकत नाही असे मुळीच नाही. पलीकडे केज तालुक्यात धनेगावला मांजरेवर धरण झाले आणि नदीकाठची गावे उसाची झाली. रांजणीला खाजगी साखर कारखाना उभा राहिला. आमच्या तालुक्याच्या उसाच्या फडात परजिल्ह्यातल्या टोळ्या कोप्या घालून राहतात, आणि आमची माणसे परप्रांतीच्या फडात. यात नियम एकच दिसतो: ज्याच्या हाती उचल त्याच्या मागे पावले. आणि हा ऊस तरी किती भरवशाचा? २०१६ च्या एप्रिलात हेच मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे सर्व देशाने पाहिले. ज्या पट्ट्यात साखर पोत्यांनी निघत होती तिथे हंड्याला रांग लागली होती.

जाणाऱ्यांची दुसरी वाट पुण्याची. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १४,८६,५८६ होती, २०११ साली १६,५७,५७६ झाली. वाढ साडेअकरा टक्के. त्याच दशकात महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला, आणि पुणे जिल्हा तीस टक्क्यांनी. आमचे कमी आणि त्यांचे जास्त, यांचा काही एक संबंध आहे हे समजायला गणितज्ञ नको. रविवारी रात्री पुण्याकडे सुटणारी गाडी पाहिली की पुरे. माझे जुने विद्यार्थी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आहेत, कोणी पार्सल पोचवतो, कोणी चार जण मिळून खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्यांच्यापैकी काही पिंपळे सौदागरला राहतात. हे नाव ऐकले की मला हॅरल्ड मॅन आठवतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या या प्राचार्यांनी १९१७ साली एका दख्खनी खेड्याची जमीन आणि कष्ट यांवर पुस्तक प्रसिद्ध केले, हिंदुस्थानात खेड्याची अशी बारकाईने पाहणी करणारे ते आरंभीचे पुस्तक. ते खेडे म्हणजे पिंपळे सौदागर. १७७१ साली तिथे सरासरी धारण ४० एकरांची होती, मॅन यांच्या वेळी ७ एकरांवर आली होती. आणि जमीन व बाहेरची मजुरी दोन्ही धरूनही सुमारे दोनतृतीयांश घरांचा मेळ बसत नव्हता. आज त्या शिवारात उंच इमारती आहेत. ते खेडे पुण्याने पोटात घेतले, म्हणून तिथल्या माणसांना गाव सोडावे लागले नाही. कळंबपाशी पुणे यायचे नाही. कळंबलाच पुण्याकडे जावे लागते.

मागे राहतात ती म्हातारी माणसे, शाळकरी नातवंडे, आणि लग्नाची वाट पाहणारे शेतकरी तरुण. २०११ च्या गणतीत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८६७ मुली होत्या. नदीपलीकडच्या बीडमध्ये तर ८०७. त्यांतली मोठी मुले आता विशीत आली आहेत. शेती असलेल्या मुलाला मुलगी द्यायची नाही हा आमच्याकडे आता न लिहिलेला कायदा आहे, पण मुळात मुलीच कमी जन्मू दिल्या याचा उच्चार बैठकीत कोणी करत नाही. लग्ने जुळवणारा एक गृहस्थ मला म्हणाला, “सर, पूर्वी मुलीचा बाप चपला झिजवत होता, आता मुलाचा बाप झिजवतो.” त्याने हे विनोद म्हणून सांगितले. मला तो विनोद वाटला नाही.

म्हाताऱ्यांच्या चुलीला अलीकडे सरकारी पैशाचा थोडा आधार आहे. शेतकऱ्याला केंद्राचे वर्षाला सहा हजार, राज्याचे तेवढेच. आणि २०२४ च्या जुलैपासून बायकांना महिन्याला दीड हजार. या शेवटच्या रकमेची शहरात टिंगल होते. माझ्या शेजारच्या मावशी चाळीस वर्षे लोकांच्या रानात खुरपायला गेल्या. त्यांच्या नावाचे बँकेचे पुस्तक त्यांनी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला वाचायला लावले. “माझं नाव नीट लिवलंय ना, बघा,” एवढेच त्यांनी विचारले. रक्कम विचारली नाही. पासष्टी उलटली की ते बंद होते, ही गोष्ट मी त्यांना त्या दिवशी सांगितली नाही.

आता पुन्हा मोजदादीकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्याकडे शिरगणती फेब्रुवारीत होते आणि १ मार्चची मध्यरात्र हा तिचा प्रमाण क्षण. हा महिना इंग्रजांच्या वेळेपासून ठरलेला. कारण असे की या दिवसांत सुगी उरकत आलेली असते, रस्ते कोरडे असतात, लग्ने आणि जत्रा अजून दूर असतात; तेव्हा खेड्यातला माणूस घरीच सापडायचा. निजामाच्या दिवसांत हे खरे होते. आज फेब्रुवारी हा ऊसतोडीच्या ऐन जोराचा महिना आहे. २०११ साली गणक ९ ते २८ फेब्रुवारी दारोदार फिरले. नियम असा की या सगळ्या दिवसांत जो घरी एकदाही आला नाही, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचे. म्हणजे आमची माणसे कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, कोपीत मोजली गेली. राज्याच्या बेरजेतून ती हरवली नाहीत (कर्नाटकात गेलेली सोडून). हरवली ती गावाच्या बेरजेतून.

कोणी म्हणेल, चार-दोनशे माणसे इकडची तिकडे, त्याने काय मोठेसे बिघडते? बिघडते. ग्रामपंचायतीत सात सदस्य की अकरा, हे लोकसंख्येवर ठरते. वित्त आयोगाचा पैसा वाटताना लोकसंख्या पाहतात. स्वस्त धान्याचा कोटा २०११ च्या आकड्यांवर बेतलेला आहे, आणि २०२१ ची गणती कोरोनामुळे झालीच नाही म्हणून तो तसाच चालत आला. पावसाळ्यात, जेव्हा सगळी माणसे गावात असतात आणि कामही नसते, तेव्हा पाणी, रेशन, दवाखाना सगळे फेब्रुवारीतल्या गावाच्या मापाने मिळते. आणि ज्या कारखान्याच्या गावात ती मोजली गेली तिथे त्यांच्या नावाने वाढलेल्या आकड्याचा त्यांना उपयोग शून्य. मार्चअखेर ती तिथून निघालेली असतात.

पुढची गणती ठरली आहे. २०२६ हे घरयादीचे वर्ष, आणि १ मार्च २०२७ हा प्रमाण क्षण. या वेळी मोबाईलवर मोजदाद होणार, माणसाला आपली माहिती आपणच भरता येणार, आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच सर्वांची जात विचारली जाणार. जातीवर पुष्कळ वाद झडला. महिना कोणता असावा यावर आमच्या भागातल्या एकाही पुढाऱ्याने तोंड उघडलेले माझ्या कानी आले नाही. मला वाटते, निदान एक गोष्ट सहज करता येईल: फडावर जाणाऱ्या गणकाने त्या माणसाचे मूळ गाव आणि परतीचा महिना विचारावा, आणि ती बेरीज त्या गावाला कळवावी. हंगामी स्थलांतरितांच्या मुलांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे चालतात; त्यासाठी शाळामास्तर दर दिवाळीला कोण गेले याच्या याद्या करतातच. त्या याद्या कपाटात आहेत. त्या काढून जोडायच्या, इतकेच.

२०११ साली गणक म्हणून फिरलेले एक प्राथमिक शिक्षक माझे स्नेही आहेत. त्यांनी मला त्या फेब्रुवारीतले सांगितले. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादी झाली तेव्हा त्यांनीच गेरूने भिंतींवर क्रमांक घातले होते. सगळी दारे उघडी, पोरे मागे मागे धावत होती. फेब्रुवारीत तीच यादी घेऊन गेले तर क्रमांक होते आणि दारांना कुलपे होती. एका घरी आजी होती. त्यांनी वही उघडून विचारले, “आजी, घरात माणसं किती?”

आजीने त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, “आत्ताचं सांगू का पाडव्याचं?”